सतरावं प्रकरण

इब्राहिम,

तुला माती देऊन आज सव्वीस दिवस झाले. तीन मुठी मीही टाकल्या. तिसरी टाकताना हात जरा रेंगाळला, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मास्तर, व्हा जरा पुढं." झालो पुढं. आपल्या गावात मी अजून मास्तरच आहे. रोह्याच्या शाळेतून रिटायर झालो, शेजारच्या अष्टमी गावात घर केलं, गावी सणासुदीला तेवढा येतो, तरी मास्तर. तू मात्र कधी तसं म्हणाला नाहीस. तुझ्यासाठी मी दत्ता, आणि चिडलास की दत्तू.

तुझा आसिफ शारजाहून दुसऱ्या दिवशी पोचला. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून दोन दिवस तो कुणाशी धड बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी पडवीत माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, अब्बांच्या पुस्तकाचा काय झाला? पुण्यावाल्यांनी काय कळवला?"

मी म्हणालो, "बघतो."

त्या 'बघतो'च्या पोटात काय आहे ते आज तुला सांगायला बसलोय. तुझ्याशी खोटं बोललो, तेव्हा कबूलही तुझ्यापाशीच करायला हवं. फार उशीर केलास, असं तू म्हणणारच. म्हण.

तुझं पुस्तक म्हणजे त्या आठ वह्या. दुबईहून कायमचा परत आलास तेव्हा लोकांना वाटलं, आता हा पेणला दुकान टाकणार, नाहीतर निदान गाडी घेऊन भाड्याने फिरवणार. तू कासू स्टेशनवर उतरलास, घरी बॅगा टाकल्यास आणि बांधावर जाऊन बसायला लागलास. भाभी माझ्याकडे तक्रार करायच्या, "दत्ताभाई, यांना काय लागीर झाला काय?" मग एक दिवस पेणहून शंभर पानी वह्या आणल्यास आणि आपल्या खारीबद्दल लिहायला घेतलंस. खाडीला बांध घालून आपल्या वाडवडलांनी जी जमीन समुद्राकडून काढून घेतली ती खार. ती राखायची कशी, शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीचं दार कुठल्या वेळी वर करायचं, कुठला भात खारं पाणी सोसतो, मिठागरावरच्या बायका उन्हात एकमेकींना काय चिडवायच्या, बांधावर बसून माझ्या आजोबांनी आणि तुझ्या आजोबांनी एकाच पानाचे दोन तुकडे कसे खाल्ले, सगळं.

लिहायला तू दुबईत शिकलास. गोदामातलं काम आटपून आलास की खोलीतल्या ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची घरची पत्रं तू लिहायचास. म्हणून तुझ्या लिहिण्यात कुणीतरी समोर उकिडवं बसून सांगतंय आणि मधेच "समजला ना?" म्हणून विचारतंय असं वाटतं. मी तीस वर्षं मुलांना निबंध शिकवले. तुझी पहिली वही वाचून झाली आणि खरं सांगतो, मला तुझा राग आला. नववीत शाळा सुटलेला माणूस असं लिहितो, आणि मी माझ्या कवितांत चंद्र आणि चांदणं करत बसलो होतो. रात गेली, राग गेला. सकाळी तुला फोन केला आणि म्हणालो, "लिहीत राहा, शुद्धलेखनाचं मी बघतो." तू म्हणालास, "बघ बाबा. तेवढाच तुजा पोट भरल."

आपले वादही काही कमी झाले नाहीत. दुबईवर एक तरी प्रकरण घाल, असं मी तुला किती वेळा सांगितलं. लोकांना त्याचं कुतूहल असतं, म्हटलं. तू ऐकलं नाहीस. "मी दुबईत व्हतोच कुठं रं? माजी हाडा तिथं व्हती," म्हणालास. तो वाद तसाच राहिला. मला अजून वाटतं की ते प्रकरण हवं होतं. आता कोण लिहिणार?

सगळ्यात मोठा वाद पेणला झाला, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. आठवी वही त्या दिवशी तू माझ्या हातात दिली होतीस. खूष होतास. भजी मागवलीस, आणि चहा यायच्या आधीच विषय काढलास.

"दत्ता, आपण सोता छापू. कशाला कोणाच्या दारात बसायचा? आपला बांध आपणच घालतो ना?"

मग मी तुला भाषण दिलं. मास्तरला तेवढंच येतं. म्हटलं, स्वतः छापलेल्या पुस्तकाला कोणी विचारत नाही. परीक्षण येत नाही, दुकानदार ठेवत नाही, ग्रंथालयवाला तोंड फिरवतो. गठ्ठे घरी येतात आणि पलंगाखाली जातात. मग लग्नाला जाताना अहेराबरोबर एक, कुणी भेटायला आलं की एक, नको म्हणालं तरी पिशवीत एक. चांगला प्रकाशक असला की त्याचं नाव बघून माणूस पुस्तक उघडतो. तुझं पुस्तक त्या लायकीचं आहे, आपण थांबू.

आणि पुरावा म्हणून माझ्या कवितासंग्रहाची गोष्ट सांगितली. तू ती दहा वेळा ऐकली होतीस, पण दर वेळी पुन्हा सांगायला लावायचास. माझा संग्रह मी स्वतः छापला, गठ्ठे घरात मावेनात, तेव्हा हेडमास्तरांनी उदार होऊन क्रीडादिनासाठी काही प्रती मागून घेतल्या. पहिल्या बक्षिसाला पाण्याची बाटली, दुसऱ्याला कंपास, तिसऱ्याला माझ्या कविता. लंगडीत तिसरी आलेली मुलगी स्टेजवरून खाली उतरली ती रडतच. तू हसता हसता ठसका लागून लाल झालास. हॉटेलवाल्याने पाणी आणून दिलं.

मग डोळे पुसत म्हणालास, "पन त्या पोरीच्या घरात तुजा पुस्तक हाय ना?"

मी बिल द्यायला उठलो.

त्या भाषणातला शब्द न् शब्द खरा होता, इब्राहिम. छापणाऱ्या माणसाचे हाल मी भोगलेत. पण मी तुला थांब म्हणालो ते त्यासाठी नव्हे. कारण आठव्या वहीत होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात तू मला त्या वहीची सुरुवातीची पानं वाचायला दिली होतीस, आणि त्यात सतरावं प्रकरण होतं.

ते मी दुपारी जेवून आडवा झालो असताना वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर उठून बसलो.

प्रकरण जोळीचं आहे. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की गावात हाळी जायची आणि घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर यायचा. ही जोळ. बांधाचे तुकडे घराघराला नेमून दिलेले. आणि आपल्या गावची त्यात आणखी एक रीत. ज्या घराच्या तुकड्यात खांड पडली त्या घरच्या माणसाने पहिलं ढेकूळ टाकायचं, मगच बाकीच्यांनी हात लावायचा. तो त्या घराचा मान. दुसऱ्याने आधी टाकलं तर त्या घरात पुरुषमाणूस उरला नाही असं म्हटल्यासारखं व्हायचं. ही रीत मला माहीत होती. एका दिवशी ती रीत कशी अंगाशी आली ते माहीत नव्हतं.

पितृपंधरवड्याची अमावास्या, मोठं उधाण. दुपारच्या भरतीला खांड गेली. ओहोटी लागली तशी माणसं जमली, कारण पुढची भरती यायच्या आत काम उरकायला हवं. आणि मग तू लिहिलं होतंस, "सगळी घरं आली. विठूकाकाच्या घरातून कोणी आलं नाही. खांड त्यांच्याच तुकड्यात होती."

विठूकाका म्हणजे माझे वडील, अण्णा.

अण्णा तेव्हा धाटावच्या एका कंपनीत बदली कामगार होते, बोलावतील त्या दिवशी जायचं. त्या दिवशी त्यांना सेकंड शिफ्टला बोलावलं होतं. पर्मनंटची यादी निघायची होती, आणि बोलावल्यावर न येणाऱ्याचं नाव त्या यादीत लागत नसे. हाळी त्यांनी ऐकली की नाही, ते तू लिहिलं नव्हतंस. ते फाट्यावर एसटी पकडायला गेले, एवढं लिहिलं होतंस. मी त्या वर्षी रोह्याला मामाकडे शाळेला होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा तुमचं शेत मिठाने पांढरं पडलेलं दिसलं, यापलीकडे मला कुणी काही सांगितलं नाही.

आणि गाव थांबून राहिलं. माणसं घमेली घेऊन उभी, खांड समोर, आणि विठू येईल, विठू येईल म्हणून पहिलं ढेकूळ कुणी टाकेना. जगात दुसरीकडे कुठं अशी चूक होणार नाही. शेवटी तुझ्या अब्बांनी टाकलं, कारण खांडीला लागून पहिलं शेत तुमचं. तोवर पाणी वळलं होतं. पोटरीतला भात खारवला आणि ती जमीन तीन वर्षं पिकली नाही. तुझी शाळा सुटली. आधी मुंबईला चुलत्याकडे, मग दुबई. अण्णांचं नाव यादीत लागलं. त्या पगारावर मी शिकलो, मास्तर झालो आणि तुझं शुद्धलेखन तपासायला बसलो.

या शेवटच्या गोष्टी तू लिहिल्या नव्हत्यास. तू फक्त तो दिवस लिहिलास. पुढचं मी जोडलं, आणि मग काही केल्या ते सुटेना.

मला आठवलं, अण्णा गेले तेव्हा तू त्यांना खांदा दिला होतास. घरापासून स्मशानापर्यंत, एकदाही बदली न घेता. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, केवढी माया आहे याची अण्णांवर. तुला सगळं ठाऊक असताना दिलेला तो खांदा होता. तेव्हा मला हे कळलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. मी काहीच न करण्यात हुशार आहे, ते आता पुढे येतंच.

सगळ्या वह्यांची झेरॉक्स काढली, वह्या तुला परत दिल्या, पार्सल बांधलं, पुण्याच्या प्रकाशकाचा पत्ता घातला आणि रोह्याच्या पोस्टात रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे दोन माणसं होती. एक गेला. मग मी रांग सोडली आणि घरी आलो. पार्सल कपाटात, आईच्या गोधड्यांखाली ठेवलं. संध्याकाळी तुझा फोन आला, "धाडलास?" मी म्हणालो, "धाडलं."

पुण्याच्या त्या बिचाऱ्या माणसाला तुझ्या पुस्तकाची खबरच नाही. दोन वर्षं तू त्याच्यावर जी विनोदाची आतषबाजी केलीस ती सगळी वाया गेली. "तेंचा चष्मा हरवला असल." "एवढ्या टायमात माजा भात दोनदा कापून झाला." "दत्ता, तू पुण्याला फोन कर नि सांग, लेखक म्हातारा हाय, जरा घाई करा." मी म्हणायचो, वाचतायत, मोठी संस्था आहे, वेळ लागतो. खोटं बोलायला मला मुळीच त्रास झाला नाही. त्रास नंतर व्हायचा, तू फोन ठेवलास की.

एकदा तोंडाशी आलं होतं, इब्राहिम, तेवढं एक नाव काढून टाक. गप्प बसलो. कारण तू लगेच काढलं असतंस, कारणही विचारलं नसतंस, आणि ते मला सोसलं नसतं.

आपली शेवटची भेट अष्टमीत माझ्या घरी. तू पिशवीतून सुका जवळा काढून आईच्या हातात दिलास. आईने विचारलं, "काय रं इबू, पुस्तक निघाला का तुजा?" तू माझ्याकडे बघितलंस, आणि तिला म्हणालास, "नाय निघाला तरी चालल, काकी. दत्तानी वाचला, बास झाला." मी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ तिथंच राहिलो. तू गेल्यावर आई म्हणाली, पाण्याचा तांब्या कुठं राहिला? तुला पाणीसुद्धा दिलं नव्हतं मी.

मग फोन आला, आणि तुझ्या घरी पोचलो तर तुला न्यायची तयारी चालली होती.

बाराव्या दिवशी पुन्हा गेलो. भाभी इद्दतीत, चार महिने दहा दिवस बाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून पडद्याआडून बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी कधी असा, नुसता आवाज म्हणून ऐकला नव्हता. मी म्हणालो, "भाभी, वह्या न्यायला आलोय. पुस्तकाचं करायचंय." आसिफने वह्या आणून दिल्या. आठाच्या नऊ झाल्या होत्या. मी विचारलं, ही कुठली?

"ती सतराव्याची हाय, दत्ताभाई," भाभी म्हणाल्या. "गेल्या थंडीत तेंनी परत लिवून काढला. बोलले, दत्ता मागल तवा दे. मी बोलले, तुमी सोता का नाय देत? तर बोलले, तो थांबलाय, थांबू दे त्याला."

आसिफ समोर होता. मी वह्या पिशवीत भरल्या.

कासूला रोह्याकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून ती नवी वही उघडली. तुझं तेच अक्षर, जरा कापरं झालेलं. तेच उधाण, तीच खांड. आणि मग हे: "सगळी घरं आली. एका घरातून कोणी आलं नाही. त्या घराची काय अडचण होती ती त्या घराला ठाऊक. पण आम्ही थांबलो, ही आमची चूक. पहिलं ढेकूळ कोणी पण टाकलं असतं तर चाललं असतं. ही अक्कल आम्हाला पाणी वळल्यावर आली."

नाव नाही. तुकडा कुणाचा ते नाही. फाटा नाही, एसटी नाही, कंपनी नाही.

आता काही लपवत नाही. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मोकळा झालो, आता खुशाल पुण्याला पाठवतो, असं मनात आलंसुद्धा. एवढा हलका माणूस आहे मी. मग गाडी आली आणि मला उठवेना. गाडी गेली, आणि मला तुझा राग आला. तुझ्या शेताचं मीठ झालं, तुझी शाळा गेली, आणि वर माझ्या बापाला पांघरूण घालायचं कामही तूच केलंस. ते माझं काम होतं का तुझं? आणि तू ते पांघरूण माझ्यासाठी घातलंस. म्हणजे पार्सल गेलंच नाही हे तू ओळखलं होतंस. कधीपासून? भातावरचे ते विनोद तू सगळं माहीत असून करत होतास का? हे मला विचारायचंय, आणि विचारायला तू नाहीस. कासूच्या त्या बाकावर मी रडलो, इब्राहिम. कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

आता पुस्तकाचं काय करायचं, हा प्रश्न उरला, आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही. आसिफ म्हणत होता, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला छापून येणाऱ्यांच्या हातात देऊ. त्याला मी नको म्हटलं. तिथं माणसं तुझ्यासाठी येतील, पुस्तक जेवणाच्या पिशवीतून घरी जाईल आणि कपाटावर चढेल. दुसरा रस्ता पुण्याचा. आता तो खरोखर मोकळा होता, आणि पुस्तक चांगलं आहे, कदाचित त्यांनी घेतलंही असतं. वर्ष लागलं असतं, दोन लागली असती. आतल्या पानावर त्यांचं नाव, त्यांचा पत्ता. मी पलंगाखाली गठ्ठे नकोत म्हणून खूष, आणि त्या पुस्तकाशी माझा संबंध शुद्धलेखनापुरता. चार दिवस याच रस्त्याने जायचं ठरवून बसलो होतो. पार्सल गोधड्यांखालून काढलंही. त्यावरचं माझं अक्षर बघितलं आणि मला त्याची शिसारी आली.

आईला सांगायलाच हवं होतं. दुपारी तिच्या खाटेशी बसून दोन्ही सतरावी प्रकरणं वाचून दाखवली, आधी जुनं, मग नवं. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. अख्ख्या आळीने ऐकलं असेल. जुनं ऐकताना ती भिंतीकडे तोंड करून पडली. नवं संपल्यावर म्हणाली, "त्यानी काढला ना नाव? मंग तू कशाला मेल्या मानसाला वर काढतोस?"

मी म्हणालो, "मेलेली माणसं आता दोन आहेत, आई."

रात्री ती नीट जेवली नाही. मला वाटलं, हे दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चहा दिला, तेव्हा बशीत ओतता ओतता आपणहून बोलायला लागली. "त्या दिशी हाळी ऐकली त्यानी. दारातच उभा व्हता. मी बोलले, जावा बांधाव, नोकरी काय परत मिलल. तर माज्याकडं बघला नि डबा उचलला. शिफ्ट करून आला तर डबा तसाच. भाकर नाय मोडली का कालवण नाय उघडला. दुसऱ्या दिशी भाकर मी कोंबड्यांना घातली. तो बोलला नाय, मी बी इचारला नाय." बशीतला चहा निवला. मग म्हणाली, "लिवायचा तं लिव. पन डब्याचा बी लिव. उपाशी काम केला त्यानी."

इब्राहिम, तुझ्या प्रकरणात हे नाही, कारण हे तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पोस्टाच्या रांगेतून परत येण्याऐवजी त्याच दिवशी आईजवळ बसलो असतो तर हे मी तुला तुझ्या पडवीत बसून सांगितलं असतं. तू काय म्हणाला असतास त्याचा मी गेले कित्येक दिवस विचार करतोय. "उपाशी कशाला ऱ्हायाचा? तेवढा तरी खायाचा व्हता," असंच काहीतरी.

परवा पेणला वैशालीकडे गेलो. तुझ्या वह्या टाईप करून घ्यायला तू तिलाच गाठणार होतास, ती लग्नपत्रिका आणि गणपतीच्या कारखान्यांच्या पावत्या करते ती. तिने नऊही वह्या चाळल्या. मी तिला सांगितलं, आम्ही स्वतः छापतोय. ती म्हणाली, "बरं केलंत काका. आता पूर्वीसारखं नाही, गठ्ठे घ्यायला लागत नाहीत. मागणी येईल तशा प्रती काढू." मी मनात म्हटलं, आपला निम्मा वाद या पोरीने एका वाक्यात निकालात काढला. उरलेला निम्मा अजून आहे. दुकानदार ठेवणार नाही, परीक्षण येणार नाही, हे सगळं होईलच. रोह्याला आणि पेणला, धाटावच्या गेटवर, खारीतल्या एकेका गावात मला पिशवी घेऊन फिरावं लागणार. लोक म्हणतील, मास्तर पुन्हा सुरू झाले. म्हणू देत. लंगडीत तिसरी आलेल्या मुलीला पुस्तक द्यावं तसं हे पुस्तक मी घरोघरी देणार आहे.

सतरावं प्रकरण कुठलं घ्यायचं, असं वैशालीने विचारलं. मी म्हणालो, नवं. तू शेवटी जे लिहिलंस तेच राहील. त्यातली एक ओळही मी हलवणार नाही, मग ती मला कितीही टोचो. तुझ्या पुस्तकात माझी लुडबुड नको. दुबईचंही प्रकरण नको, जा, जिंकलास.

पण पुस्तक स्वतः छापायचं म्हणजे प्रकाशकालाही एक पान मिळतं. ते माझं. तिथंच बसून लिहिलं. लहान आहे, तुला वाचून दाखवतो.

"सतराव्या प्रकरणात ज्या एका घरातून कोणी आलं नाही, ते घर आमचं. खांड आमच्याच तुकड्यात होती. माझे वडील त्या दिवशी कंपनीच्या शिफ्टला गेले, हाळी ऐकून गेले. नेलेला डबा त्यांनी तसाच परत आणला. त्या नोकरीवर माझं शिक्षण झालं. लेखकाचं शेत तीन वर्षं खारं राहिलं आणि त्यांची शाळा सुटली. लेखकाने हे लिहिलं होतं आणि माझ्यासाठी खोडलं. पुस्तक यायला दोन वर्षं उशीर झाला तो माझ्यामुळे."

वैशालीने ते टाईप करताना एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. मग विचारलं, "काका, खाली प्रकाशक म्हणून काय टाकू? आद्याक्षरं आणि आडनाव, की पूर्ण नाव?"

"पूर्ण टाक," मी म्हणालो.

तिने टाकलं. दत्तात्रेय विठू पाटील. तू तुझ्या पुस्तकातून काढलेलं नाव आता त्यात आहे, इब्राहिम. माझ्या नावाच्या मधोमध, बापाचं असतं तिथं.